अभयारण्य म्हणजे वॉटर पार्क नव्हे!

पावसाळा सरत आला की गोव्यात सहलींची पत्रके फिरू लागतात. घरोघरच्या मोबाइलवर तीच येतात, मंडळांच्या फलकांवर तीच लागतात. वर दूधसागरचे चित्र, खाली जीपचा दर, जेवण शाकाहारी की मांसाहारी, लाइफ जॅकेट दरात धरलेले की वेगळे, मुलांना सवलत किती. शब्द बदलतात, मजकूर एकच: आख्ख्या कुटुंबाने यावे आणि दिवसभर पाण्यात खेळावे. पत्रक वाचून कोणालाही वाटावे की कुळ्याच्या पलीकडे कोणा भांडवलदाराने भलामोठा वॉटर पार्क उभारला आहे आणि पाणी फुकट मिळत असल्यामुळे तो स्वस्तात पडतो. ही जागा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली राखलेले जंगल आहे, एवढे एक वाक्य त्या चित्राखाली सहसा नसते.

आमचे म्हणणे आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. गोव्याच्या अभयारण्यांतील ओहोळ, कोंडी आणि धबधबे यांचा वॉटर पार्क करण्यात आला आहे. तो कोणी जाहीर केला नाही, त्याचा ठराव कोठे झाला नाही, पण झाला आहे. आणि ज्या राज्याने आपली म्हादई वाचवण्यासाठी अभयारण्याचा कायदा पुढे केला आहे, त्याच राज्यात हे चालावे यासारखी आत्मघातकी गोष्ट दुसरी नाही.

आधी वॉटर पार्कविषयी. आमचे काही वाचक लगेच म्हणतील, संस्थेच्या ज्येष्ठांना मुलांची मजा बघवत नाही. तसे मुळीच नाही. हणजूणला वॉटर पार्क आहे. तेथे तिकीट काढून जावे, घसरगुंडीवरून पोरांनी किंचाळत खाली यावे, आईबापांनीही एकदा लाज सोडून यावे. त्या व्यवहारात लपवाछपवी काही नाही. हौदातले पाणी पंपाने फिरवतात, गाळतात, त्यात क्लोरीन घालतात. खोली फुटांत लिहिलेली असते. शिटी घेतलेला माणूस काठावर उभा असतो. अंगाला लावलेले क्रीम, केसांचे तेल, लहान पोराने पाण्यात केलेले आणि कोणाला न सांगितलेले, सगळे त्या गाळणीत जाते आणि त्याचा खर्च तिकिटात धरलेला असतो. मुख्य म्हणजे त्या हौदात बेडकाने अंडी घातलेली नसतात आणि संध्याकाळी तेथे गवा पाणी प्यायला येत नाही. माणसाने माणसासाठी केलेली जागा आहे ती. तिथे कितीही दंगा करा.

दूधसागर कोणी माणसांसाठी केलेला नाही. मोलेचे जंगल १९६९ साली अभयारण्य झाले. त्यातलाच १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. भगवान महावीर अभयारण्य म्हणून आपण ओळखतो तो सारा पट्टा २४० चौरस किलोमीटरचा. तीनशे मीटरांहून उंचावरून तेथे पाणी कोसळते आणि घाटातल्या रेल्वेच्या पुलाखालून पुढे वाहत जाते. हा रेल्वेमार्ग पोर्तुगीज अमलातला, १८८० च्या दशकातला. शंभर-सव्वाशे वर्षे लोकांनी धबधबा पाहिला तो बहुतेक डब्याच्या खिडकीतून. गाडी मंद व्हायची, तुषार आत यायचे, आजी हात जोडायची आणि गाडी पुढे जायची. पाहणे म्हणजे एवढेच होते, आणि त्यात कोणाला काही कमी पडले असे आम्ही ऐकलेले नाही.

आता हंगामात रविवारी कुळ्याला काय दिसते ते ज्याने त्याने जाऊन पाहावे. सकाळपासून जीपची रांग. जीप जंगलाच्या रस्त्याने जातात आणि वाटेत एकदा नव्हे, अनेकदा नदीच्या पात्रातूनच पलीकडे होतात. चाकाबरोबर गाळ ढवळला जातो, चाकाला असलेले ग्रीस आणि तेल पाण्याला मिळते आणि मागची जीप पुढच्या जीपच्या गढूळ पाण्यातून जाते. ज्या दगडगोट्यांच्या उथळ पाण्यात मासे आणि बेडूक वाढतात, नेमका तोच भाग जीपला ओलांडायला सोयीचा असतो. पुढे धबधब्याखालची कोंड. लाइफ जॅकेट घातलेली माणसे एकमेकांना खेटून तरंगत आहेत, काठावर माकडे कुरकुऱ्यांच्या पिशव्या हिसकावत आहेत आणि लोक त्याचे चित्रण करत आहेत. माकडाला खायला घालणे हा आता करमणुकीचाच एक भाग होऊन बसला आहे. जंगलातल्या माकडाला मिठाची आणि तेलाची चटक लावून ठेवायची आणि त्याने कुळ्यातल्या घराची कौले काढली की वनखात्याला फोन करायचा, ही आपली निसर्गावरची माया!

आणि हे पाणी पुढे कोठे जाते? आमच्या पणजीतील आणि फोंड्यातील वाचकांनी हा प्रश्न स्वयंपाकघरातला नळ सोडताना स्वतःला विचारावा. दूधसागरचे पाणी खांडेपार नदीला मिळते. खांडेपारवर ओपा येथे पाणीपुरवठा प्रकल्प आहे आणि फोंडा व तिसवाडी तालुक्यांचे नळ त्यावर चालतात. ओपाला पाणी शुद्ध होते, हे खरेच, उगाच कोणाला घाबरवण्याचा आमचा हेतू नाही. पण जीपचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. महिन्यामागून महिना पात्रातली धार बारीक होत जाते आणि डुंबणारे मात्र नाताळात आणि मेच्या सुटीत वाढतात. म्हणजे पाणी सर्वांत कमी असते तेव्हाही घाण तेवढीच, किंबहुना अधिक. आपल्या विहिरीत कोणी पाय घातला तर आपण त्याला उभा-आडवा घेतो. येथे तालुक्याच्या विहिरीत माणसे साबण लावून उतरतात आणि त्याला आपण पर्यटन म्हणतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण हा केवळ स्वच्छतेचा विषय असता तर आम्ही या पत्रकाची जागा त्यासाठी खर्ची घातली नसती.

म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांवरून खोऱ्याबाहेर, मलप्रभेत वळवायचे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या आराखड्याला मान्यता दिली तेव्हा गोव्यात किती आगडोंब उसळला ते वाचकांना आठवत असेल. त्या वेळी गोव्याने कोणते हत्यार उचलले? २०२३ च्या जानेवारीत आपल्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ खाली कर्नाटकाला बजावले की अभयारण्यात येणारे पाणी तुम्हाला वळवता येणार नाही. हत्यार योग्यच होते. आम्ही त्याचे स्वागत करतो. (म्हादई जेथे उगम पावते त्या खानापूर तालुक्यातल्या देगावची माणसेही मराठीच बोलतात. नदी वळवण्याने त्यांचे कोणते भले होणार, हे त्यांना कोणी विचारलेले आमच्या ऐकिवात नाही. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

पण हे कलम २९ आपल्या किती पुढाऱ्यांनी वाचले आहे? त्यात पाण्याचा प्रवाह वळवण्यास, अडवण्यास बंदी आहे. आणि त्याच वाक्यात, पाण्याच्या अलीकडे, वन्य प्राण्यांच्या अधिवासाची नासधूस करण्यासही बंदी आहे. एकच कलम, एकच वाक्य. त्यातले अर्धे वाक्य आपण बंगळूरला वाचून दाखवायचे आणि उरलेले अर्धे कुळ्यात, सांगेत, सत्तरीत झाकून ठेवायचे! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. उद्या न्यायालयात समोरचा वकील उभा राहून विचारील, की ज्या पाण्यावर वाघाचा आणि गव्याचा हक्क आहे असे तुम्ही सांगता, त्या पाण्यात हंगामात रोज माणसे किती उतरतात, त्या पात्रातून वाहने किती जातात, आणि किती जावीत हे तुम्ही कोणत्या अभ्यासावरून ठरवले? आपल्या वकिलाने त्याला काय उत्तर द्यावे? जीपचे दरपत्रक दाखवावे?

कायद्याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कशाकशासाठी देता येतो याची यादी आहे आणि त्यात पर्यटन आहे. ते आम्ही नाकारत नाही. जंगल लोकांनी पाहिलेच पाहिजे. पाहिल्याशिवाय त्याच्यासाठी कोणी भांडणार नाही. २०२० मध्ये मोलेतून वीजवाहिनी, चौपदरी रस्ता आणि दुपदरी रेल्वे नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्याच्या विरोधात उतरलेल्या तरुण मुलांतली कित्येक ते जंगल पायी फिरलेली होती. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री चांदरला माणसे रेल्वेमार्गावर बसली. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. ही लढाई गोव्याने जिंकली. एवढ्या कष्टाने राखलेले जंगल डुंबण्याच्या हौसेपायी झिजवायचे असेल, तर रेल्वेनेच काय घोडे मारले होते?

सरकारचे धोरण काय, असे विचाराल तर ते वरातीमागून घोडे असे आहे. २०२३ च्या जुलैत नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले. लागलीच अभयारण्यांतल्या सर्व धबधब्यांवर बंदी आली. पुढच्याच रविवारी शेकडो माणसे गाडीतून उतरून रुळांवरून चालत दूधसागरकडे निघाली आणि रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या. त्याची चित्रे देशभर फिरली, लोक हसले. पुढे एकेक धबधबा पुन्हा खुला होत गेला. बंदी का घातली होती? माणसे बुडाली म्हणून. उठवली का? माणसे यायची थांबली म्हणून. या साऱ्यात जंगल कोठे आहे? पावसाळ्यात, म्हणजे सह्याद्रीतल्या बेडकांचा बराचसा संसार जेव्हा मांडलेला असतो तेव्हा, एका ओहोळात किती माणसांनी उतरावे, उतरावे की नाही, हा प्रश्न बंदी घालतानाही विचारला गेला नाही आणि उठवतानाही नाही.

आता पोटाचा प्रश्न. तो खोटा आहे असे म्हणणारांतले आम्ही नव्हे. धारबांदोडा आणि सांगे हा खाणपट्टा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा चालू झाल्या आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजे रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. ज्यांच्या दारात ट्रक उभे होते त्यांच्या दारात नुसते कर्ज उभे राहिले. कुळ्यातल्या माणसाने जीप घेतली ती चैन म्हणून नव्हे. त्याच्यावर आगपाखड करणारे पणजीतले पर्यावरणप्रेमी शनिवारी त्याच्याच जीपमध्ये बसलेले असतात, हेही आम्ही जाणून आहोत.

पण जीपवाल्याचे पोट डुंबण्यावर अवलंबून आहे, हे कोणी ठरवले? पर्यटक पैसे देतो तो धबधब्यापर्यंत पोहोचण्याचे. रोजची संख्या ठरवून दिली, जीपच्या पाळ्या लावल्या आणि दर त्या हिशेबाने बांधून दिला तर फेऱ्या कमी होतील, मिळकत कमी होण्याचे कारण नाही. २०२४ च्या हंगामात कुळ्यात मोठे रण माजले. तिकिटाची खिडकी सरकारी महामंडळाची की जीपमालकांची, यावरून. आंदोलने झाली, पुढारी धावले. त्या भांडणात दोन्ही बाजूंनी खिडकीचा हक्क सांगितला. नदीला किती माणसे पेलतील हे एकाही बाजूने विचारले नाही. गल्ला कोणाचा यावर वाद, आणि माल कोणाचा याचा कोणाला पत्ता नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला झोंबते. अभयारण्याचे नियम कोणासाठी कडक असतात ते पाहा. सत्तरीतला किंवा सांग्यातला कुळवाडी, धनगर, तेथे पिढ्यान्पिढ्या राहिलेला. त्याने सुकी फाटी आणली तर गुन्हा, गोठा वाढवला तर नोटीस. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेले हजारो दावे वर्षानुवर्षे रखडत राहिले. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावलीला वाघीण आणि तिचे बछडे मिळून चार वाघ विषाने मेले. ते कृत्य भयंकरच होते, त्याचे समर्थन कोणी करू नये. पण ज्या घराची दुभती म्हैस वाघाने नेली त्याला भरपाई किती दिवसांत मिळते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि चार दिवसांनी विसरलाही गेला. २४ जुलै २०२३ रोजी उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. कारण सांगितले गेले ते तेथल्या रहिवाशांच्या विस्थापनाचे. रहिवाशांचा एवढा कळवळा असेल तर त्यांचे दावे आधी निकालात काढायला हवे होते. राहणाऱ्याला अभयारण्य म्हणजे तुरुंग आणि येणाऱ्याला जलक्रीडा, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आपल्या वाडवडिलांनी कायदा नसताना जंगल राखले, ते कसे? सत्तरीत बांबर येथे निरंकाराची राय आहे. दलदलीत उभी असलेली रानटी जायफळाच्या जातीची झाडे, त्यांची पाण्याबाहेर आलेली मुळे, आत गार काळोख. ही दलदल गोव्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ठिकाणी आहे आणि ती टिकली ती निरंकाराच्या धाकाने. तेथे कोणी आंघोळीला जात नाही. देवाच्या जागेत पाय कोठे ठेवायचा हे गावाला ठाऊक आहे. देवाचा धाक आता सगळ्यांना उरलेला नाही, हे आम्हाला कळते, आणि धाक घालणे हे आमचे काम नव्हे. म्हणून तर कायदा केला ना? मग तो पाळा.

आमच्या मागण्या लांबलचक नाहीत. अभयारण्यातल्या कोणत्याही कोंडीत, धबधब्यात उतरण्याचे परवाने बंद करावेत. काठावरून पाहावे, फोटो काढावा, परत यावे. दूधसागरला रोज किती माणसे जावीत याचा अभ्यास तज्ज्ञांकडून करून घ्यावा आणि तो अहवाल कपाटात न ठेवता लोकांपुढे मांडावा. जीप शेवटच्या पात्राच्या अलीकडे थांबवाव्यात. धडधाकट माणसाने थोडे चालावे, म्हाताऱ्यांची सोय वेगळी करावी. हंगामाच्या आधी आणि नंतर नदीच्या पाण्याची तपासणी करून आकडे जाहीर करावेत, म्हणजे ओपाचे पाणी पिणाऱ्यांनाही कळेल. तिकिटाच्या पैशातला ठरावीक वाटा ज्यांची गुरे वाघ नेतो त्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा, आणि ती भरपाई महिन्याच्या आत मिळावी. आणि हो, नियमांचा फलक मराठीत आणि कोकणीतही लावावा. ज्याच्यासाठी नियम आहे त्याला तो वाचता येऊ द्या!

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. दरम्यान आपल्या संस्थेपुरता निर्णय आपण घेऊ शकतो. यंदाच्या कौटुंबिक सहलीसाठी दूधसागरला जाऊन डुंबण्याची सूचना काही सभासदांनी केली आहे. कार्यकारिणीने ती फेटाळली आहे. त्याऐवजी दोन सहली ठरल्या आहेत. मुलांसाठी एक दिवस हणजूणचा वॉटर पार्क, हवा तेवढा वेळ पाण्यात. आणि एक रविवार तांबडी सुर्लला. महादेवाचे कदंबकालीन देऊळ पाहायचे, ओहोळाच्या काठाने माहीतगार माणसाबरोबर पायी फिरायचे, डबा घरचा, पिशव्या आणि उरलेसुरले परत घरी. पाण्यात कोणी उतरायचे नाही. ज्यांना हे जाचक वाटेल त्यांनी पहिल्या सहलीला यावे, दुसरीला येऊ नये. दोन्ही सहलींची नावे संस्थेच्या कार्यालयात संध्याकाळी पाच ते सात या वेळेत नोंदवावीत. लहान मुलांचे वय सोबत लिहावे, म्हणजे वॉटर पार्कच्या तिकिटांचा हिशेब आधी करता येईल.